प्रयोग न करणाऱ्या बाईंच्या नावाची प्रयोगशाळा

शिवानंदच्या, माझ्या नवऱ्याच्या, फोनवर अक्कांचं नाव उमटलं तेव्हा माझे हात भाकरीच्या पिठात होते. त्यांनी फोन उचलला आणि सवयीप्रमाणे स्पीकरवर टाकला. आवाज अक्कांचा नव्हता. ‘‘पावणं, ह्यो फोन ज्यांचा हाय, त्या बाई तुमच्या कोण?’’ पुरुषाचा दमलेला, घाबरलेला आवाज. ‘‘थोरली बहीण,’’ शिवानंद म्हणाले. ‘‘मग बिगीनं या. रंकाळ्यावर बाकावर बसल्या हुत्या, बसल्या बसल्याच कलंडल्या. आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात निघालोय.’’ आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. तो माणूस मात्र दाराशी थांबला होता, अक्कांच्या चपला एका पिशवीत घालून हातात धरून. आम्ही आल्याखेरीज त्याला जाववलं नाही. त्याचं नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नाही. नंतरच्या दिवसांत अक्कांबद्दल पुष्कळ लोक पुष्कळ बोलले, पण त्यांची एखादी वस्तू इतक्या जपून धरलेला माणूस मला तोच एक दिसला.

अन्नपूर्णाअक्का माझी नणंद, कोल्हापुरात आमच्याच घरात राहायच्या. मूळचं घर कुरुंदवाडचं, कर्नाटकच्या सीमेजवळचं, म्हणून घरात आईला अव्वा, वडिलांना अप्पा आणि थोरल्या बहिणीला अक्का. मीही लग्नानंतर अक्काच म्हणू लागले आणि त्या माझ्यासाठी जन्मभर अक्काच राहिल्या. सैद्धांतिक भौतिकशास्त्र हा त्यांचा विषय. त्यातही मऊ पदार्थ आणि अगदी सूक्ष्म मापातले द्रव, म्हणजे डोळ्यांना दिसत नाही इतक्या लहान जागेत पाणी कसं वागतं, त्यात इवलेसे जीव कसे पोहतात, याचं गणित. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी आली ती अशी, की एका महाविद्यालयाच्या निवृत्त प्राध्यापिका, मनमिळाऊ स्वभावाच्या, त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय असा परिवार आहे. मनमिळाऊ! अक्का आणि मनमिळाऊ! टीव्हीवरच्या ज्योतिषाला ‘‘गप बस की रे थापाड्या’’ म्हणून ओरडणारी बाई, संस्थेच्या अध्यक्षांना त्यांच्याच केबिनमध्ये ‘‘तुम्हाला ह्यातलं काय कळतंय?’’ असं विचारून आलेली बाई. भेटायला येणारे येत होते, चहा घेत होते आणि जाताना उंबऱ्यावर म्हणत होते, ‘‘लग्न केलं असतं तर बरं झालं असतं. सुटल्या बिचाऱ्या.’’ एकानेही विचारलं नाही की या बाईंनी आयुष्यभर केलं काय. तेव्हापासून माझ्या आत जे पेटलंय ते अजून विझलेलं नाही. विझावं असंही मला वाटत नाही.

मी हायस्कुलात मराठी शिकवते. भौतिकशास्त्राशी माझी गाठ दहावीतच सुटली होती. ती पुन्हा पडली ती लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, चिरोट्यांच्या पाकामुळे. पाक माझ्या हातून जास्तच आटला. चमचा उभा राहील इतका घट्ट. अव्वांनी तोंडाचा पट्टा सोडला आणि मी रडकुंडीला आले. अक्का तेव्हा बंगळूरला संशोधन करत होत्या आणि सुट्टीला आल्या होत्या. त्या स्वयंपाकघरात शिरल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, ‘‘टाकू नकोस, शोभा. मला दे. झकास झालाय.’’ लोणच्याची रुंद काचेची बरणी त्यांनी रिकामी केली, तिच्या मधोमध एक काचेची बाटली उभी धरली आणि दोन्हींच्या मधल्या फटीत तो स्वच्छ पाक ओतला. मग थोड्या पाकात जिलेबीचा केशरी रंग कालवून त्याचा एक थेंब फटीत सोडला. ‘‘बघ आता.’’ बाटली त्यांनी सावकाश फिरवायला घेतली. थेंबाची तार झाली, तारेचा पट्टा झाला, पट्टा फिकट होत होत दिसेनासा झाला. ‘‘गेला?’’ त्यांनी विचारलं. ‘‘गेला.’’ ‘‘बरं.’’ मग तितक्याच सावकाश त्या बाटली उलटी फिरवू लागल्या... आणि कुठूनसा पट्टा परत आला, पट्ट्याची तार झाली, तार आखडत गेली आणि केशरी थेंब होता तिथं येऊन बसला. मी किंचाळले. अव्वा धावत आल्या. ‘‘ह्या दोघींनी पाकाचं काय केलं बघा!’’ अक्का हसत सुटल्या होत्या. त्यांचं हसणं मोठं होतं, गल्लीत ऐकू जाईल असं.

त्या दुपारी आम्ही दोघींनी चिरोटे कोरडेच खाल्ले आणि खाता खाता त्यांनी मला त्यांचं जग समजावलं. आपण पाण्यात हात मारला की हात थांबल्यावरही थोडं पुढं घसरतो. जिवाणू इतका लहान की त्याला तेच पाणी आपल्याला काकवी वाटावी तसं वाटतं. ‘‘गुऱ्हाळातल्या काकवीच्या हौदात तुला टाकली तर कसं व्हईल? हात थांबला की तू थांबलीस. आणि नुसता दाराची उघडझाप केल्यागत हात मारलास, तर जेवढी म्होरं गेलीस तेवढीच मागं येणार. थेंबागत. म्हणून तो बिचारा मळसूत्रासारखी शेपटी फिरवत जातो.’’ मग त्यांचा स्वतःचा प्रश्न त्यांनी सांगितला. त्यांना गणितात जे शिकवलं गेलं त्यात द्रवाच्या कडेची भिंत टणक होती, काचेसारखी. पण शरीरातली कुठली भिंत टणक असते? आतडं मऊ, रक्तवाहिनी मऊ. भिंतच दबत असेल, पुन्हा फुगत असेल, तर? मग उघडझाप करणारा जीव जागच्या जागी राहील की पुढं जाईल? मी मराठीची बाई, मला लगेच काहीतरी सुचलं. मी म्हणाले, ‘‘अक्का, किती छान आहे हे! म्हणजे माणसालासुद्धा आधाराला मऊ...’’ त्यांनी मला तिथंच तोडलं. ‘‘त्याची कविता करू नकोस. हे खरंच असं होतंय का न्हाई, ते बघायचं हाय. मजा त्यात हाय.’’

त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना बंगळूरला बसून काढता आलं असतं. तिथं बोलायला माणसं होती, ग्रंथालय होतं, आपल्यासारखंच वेड लागलेले चार सोबती होते. पुढच्याच वर्षी अप्पांना अर्धांगवायू झाला. अव्वांना त्यांना उचलणं जमेना. शिवानंदचा फौंड्रीला सुटे भाग पुरवण्याचा धंदा नुकता उभा राहत होता. एके दिवशी बंगळूरला फोन अप्पांनी स्वतः केला, जड जिभेनं. मी शेजारीच उभी होते. ‘‘शिवाचा धंदा हाय, त्याला हलता येत न्हाई. तुझं काय, गणितच की. ते हितंबी हुईल.’’ पलीकडून अक्का म्हणाल्या, ‘‘व्हय अप्पा. येते.’’ प्रबंध तेवढा त्यांनी पुरा केला आणि आल्या. ‘तुझं काय, गणितच की’ हे वाक्य मी नंतर इतक्या तोंडांतून ऐकलं की कुणाचं तोंड दिसलं तरी मला आधीच राग यायचा. धंद्याला जागा लागते, यंत्राला जागा लागते, पुरुषाच्या झोपेलासुद्धा घरात जागा लागते. बाईच्या विचाराला मात्र ती कुठंही, कधीही, पोळ्या लाटतालाटताही पुरते असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. वर्षानुवर्षं अक्कांनी अप्पांना न्हाऊमाखू घातलं, औषधं दिली, त्यांच्या शिव्या खाल्ल्या. शिवानंद रोज संध्याकाळी येऊन अप्पांच्या पायाशी बसायचे आणि लोक म्हणायचे, लेक असावा तर असा.

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात अक्कांना नोकरी मिळाली. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, वाचणाऱ्यांना आपापलं महाविद्यालय आठवेल. मुलाखतीत समितीतल्या एकानं विचारलं, ‘‘यंत्र कुठलं वापरता?’’ ‘‘कागद,’’ अक्का म्हणाल्या. सगळे हसले. हा विनोद नव्हता हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. जिन्याखालची एक खोली त्यांना मिळाली, खिडकी नसलेली, पण एका भिंतीवर जुना फळा होता. अक्का तेवढ्यावर खूश. शेंगा सोलत सोलत त्या फळ्यापुढं उभ्या राहत, टरफलं जमिनीवर पडत आणि शिपाई कुरकुरत झाडून नेई. मग एके वर्षी तपासणीची समिती यायची म्हणून महाविद्यालय सजवायला काढलं आणि त्या खोलीत क्रीडा विभागाचे चषक ठेवायचं ठरलं. फळ्यापुढं काचेचं कपाट आलं. अक्का प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचं काय, तुम्ही कुठंही बसून करू शकता.’’ बढतीच्या वेळीही तेच. प्रयोग नाहीत, उपकरणं नाहीत, मग हे संशोधन धरायचं कसं? त्याऐवजी त्यांना स्नेहसंमेलनाच्या रांगोळी समितीचं प्रमुख केलं. बाई आहेत म्हणून. अक्कांना सरळ रेघ ओढता येत नसे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त डाचतं ते सुनीताचं. सुनीता शिरोळकडची, एम.एस्सी.ला अक्कांच्या हाताखाली शिकलेली. हुशार आणि हट्टी. तिला पीएच.डी. अक्कांकडेच करायची होती. पण प्रयोगशाळा नसलेल्या शिक्षकाला मार्गदर्शक म्हणून मान्यता देण्याची शिफारस करायला संस्था तयार नव्हती. सुनीताला सांगितलं गेलं, दुसऱ्या सरांकडे यंत्र आहे, तिथं कर. ती आमच्या घरी आली आणि सोफ्यावर बसून रडली. अक्का तिच्यावर ओरडल्या, ‘‘रडतीस कशाला? हितं थांबू नकोस. माझ्यागत हितं थांबू नकोस.’’ बंगळूरच्या आपल्या जुन्या संस्थेत त्यांनी स्वतः फोन केले आणि तिला तिकडं धाडलं. ती गेल्यावर अक्का दोन वेळा जेवल्या नाहीत. सोबत प्रश्नावर बोलू शकेल असं एकच माणूस त्यांना या गावात मिळालं होतं, आणि त्यालाही त्यांना स्वतःच्या हातानं गाडीत बसवावं लागलं.

त्या दुःखी होत्या असं मात्र कुणी समजू नये. एका पावसाळ्यात पूर आला आणि कुरुंदवाडच्या घरात पाणी शिरलं. भावकीतली तीन कुटुंबं आमच्याकडे राहायला आली. अक्कांनी आपली वरची खोली त्यांना देऊन टाकली आणि स्वतः जिन्याच्या पायरीवर गुडघ्यावर पाट ठेवून लिहीत बसल्या. शिवानंदच्या अत्ती, म्हणजे आत्या, येता-जाता त्यांच्या अंगावरून पाय टाकून जायच्या. शेवटी वैतागून त्यांनी विचारलं, ‘‘काय लिवतीस गं एवढं?’’ ‘‘पाणी कसं जातंय ते.’’ ‘‘मग आमच्या घरातनं कवा जातंय ते सांग की!’’ अक्का गंभीरपणे म्हणाल्या, ‘‘ते न्हाई येत, अत्ती. माझं पाणी लई लहान हाय.’’ सगळं घर त्या ओल्या, उदास दिवसांत पहिल्यांदा हसलं. आणि त्याच पायरीवर, लोकांच्या पायांत, अक्कांचं उत्तर निघालं. त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाताला धरून ओढत बाहेर नेलं. ‘‘जातो, शोभा! मऊ भिंतीशेजारी उघडझाप करणारासुद्धा म्होरं जातो! भिंत दबती, पण लगेच परत येत न्हाई, जरा उशिरा येती. त्या उशिरामुळं उलटं फिरवलं तरी थेंब जागेवर येत न्हाई.’’ मला अर्धंच कळलं, पण त्यांच्या तोंडाकडं बघून माझे डोळे पाणावले. लेख परदेशी नियतकालिकात छापून आला. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात त्याची एक ओळ होती, रांगोळी स्पर्धेच्या निकालाखाली.

आता शोकसभेबद्दल. संस्थेनं सभा घेतली, दारात फ्लेक्स लावला. त्यावर अक्कांचा फोटो आणि खाली ‘रसायनशास्त्र विभाग’. मी ते एका प्राध्यापकांना दाखवलं तर ते म्हणाले, ‘‘घाईत झालं, वहिनी.’’ भाषणं झाली. वक्तशीर, मृदुभाषी, विद्यार्थिप्रिय. रांगोळीचा दोनदा उल्लेख झाला. मग अध्यक्ष उठले आणि त्यांनी गहिवरून जाहीर केलं, की संस्थेनं आधुनिक यंत्रसामग्रीनं सज्ज अशी नवी प्रयोगशाळा बांधली आहे आणि तिला मॅडमचं नाव देण्यात येत आहे. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. ‘‘प्रयोगशाळा?’’ मी विचारलं. ‘‘ज्या बाईंना प्रयोग करत नाहीत म्हणून तुम्ही बढती नाकारलीत, विद्यार्थिनी नाकारलीत, त्यांचं नाव प्रयोगशाळेला?’’ अध्यक्ष हात जोडून म्हणाले, ‘‘वहिनी, बसा. तुम्ही दुःखात हाय.’’ मी म्हणाले, ‘‘दुःखात न्हाई. रागात हाय.’’ घरी शुद्ध बोलणारी मी, शाळेत पोरींची भाषा सुधारणारी मी, त्या क्षणी माझ्या तोंडातून हातकणंगल्याची, माझ्या माहेरची बोली आली. ‘‘द्यायचं असंल तर जिन्याखालची खोली द्या. चषक काढा. फळा मोकळा करा. कुणाला नुसता विचार करायचा असंल त्याला बसू द्या तिथं. त्या खोलीला नाव द्या अक्कांचं.’’ प्राचार्य पुटपुटले, त्या वेळचे नियम तसे होते.

तेवढ्यात मागच्या रांगेतून सुनीता उठली. ती त्या सकाळीच बंगळूरहून आली होती. आता तिथंच शिकवते. ती व्यासपीठाकडे गेली नाही, जागेवरूनच बोलली. ‘‘आमच्याकडं नवीन मुलं येतात तेव्हा मी बाईंचा मऊ भिंतीचा लेख त्यांना सगळ्यांत आधी वाचायला देते. मुलं विचारतात, ह्या कुठल्या संस्थेच्या? मी महाविद्यालयाचं नाव सांगते. मग विचारतात, तिथं ह्या विषयाचं अजून कोण आहे?’’ ती अध्यक्षांकडे वळली. ‘‘काय सांगू, सर?’’ अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची सूचना केली. ती शांतता अक्कांसाठी नव्हती, सुनीताला गप्प करण्यासाठी होती, हे तिथल्या प्रत्येकाला समजलं.

काही दिवसांनी संस्थेतून फोन आला. सूचनेचा विचार केला, पण पाटी आधीच तयार झाली आहे, संगमरवरी आहे, बदलता येणार नाही. उद्घाटनाला सहकुटुंब यावं. शिवानंदला अशा ठिकाणी पुढच्या खुर्चीत बसायला आवडतं, मला वाटलं ते जातील. ते गेले नाहीत. ‘‘जा की,’’ मी मुद्दाम म्हटलं. ‘‘न्हाई,’’ एवढंच म्हणाले. पाटी लागली. पडदा मंत्र्यांनी ओढला. फोटो पेपरात आला, त्यात कोपऱ्यात एक मोठं पांढरं यंत्र होतं, ज्याचं नाव अक्कांनाही माहीत नसतं. सुनीतानं मात्र तिच्या संस्थेत आठवड्यातून एक दुपार ठरवली आहे. यंत्र नाही, पडदा नाही, फक्त खडू घेऊन यायचं आणि आपल्याला न सुटलेलं सांगायचं. तिनं त्याला कुणाचंच नाव दिलेलं नाही. अक्कांना ते आवडलं असतं.

आणि घरात... अक्कांना गरम चहा प्यायला कधी जमलं नाही. कप समोर ठेवायच्या आणि चहावर साय धरेपर्यंत वाट बघायच्या. साय धरली की तिच्यावर हळूच फुंकर घालायच्या, ती एका कडेला सरकून तिच्यावर बारीक, समांतर सुरकुत्या पडायच्या, फुंकर थांबली की विरायच्या. हे त्या रोज बघायच्या, कपाळाला आठ्या घालून. ‘‘थंडगार पाणी झालं की त्याचं!’’ म्हणून शिवानंद रोज चिडायचे आणि स्वतःचा चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवून कामाला लागायचे. परवा सकाळी मी शिवानंदपुढं कप ठेवून आत गेले. बाहेर आले तर कप तसाच. ते खाली वाकून सायीवर फुंकर घालत होते. थांबत होते. परत घालत होते. मी उभी राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, ‘‘ह्या सुरकुत्या कशानं पडत असतील गं?’’

विचारायला आख्खा जन्म होता आणि उत्तर देणारी याच टेबलाशी, पलीकडच्या खुर्चीत रोज बसत होती.